गुंठ्याएवढा पिक्सेल: साताऱ्यात बसून ऑनलाइन भूगोल शिकताना

सातारा शहराचं टोपोशीट, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचं स्थलदर्शक नकाशापत्रक, एक नाही, दोन आहेत. ७४ अंश पूर्व रेखावृत्त थेट शहरातून जातं आणि १:५०,००० मापाची पत्रकं पंधरा-पंधरा मिनिटांवर कापलेली असतात. म्हणून यवतेश्वर, कास ही पश्चिमेची बाजू ४७ जी/१४ मध्ये, तर संगम माहुलीकडची पूर्वेची बाजू ४७ के/२ मध्ये. सांगलीकरांचं बरं आहे, सांगली आणि मिरज दोन्ही ४७ एल/९ मध्ये गुण्यागोविंदाने बसतात. कराडचं ४७ के/३.

ऑनलाइन कोर्समध्ये हा निर्देशांकनाचा भाग वीसेक मिनिटांत उरकतो. पडद्यावर एक चौकोन येतो, त्याचे सोळा भाग होतात (ए ते पी), त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा होतात (१ ते १६) आणि व्याख्यान पुढे सरकतं. ऐकताना सगळं कळतं. चाचणीत 'या पत्रकाच्या पूर्वेला कोणतं पत्रक येईल' असं विचारलं की बोट अडतं. कारण क्रमांक आडवे नाही, उभे चालतात: १ च्या खाली २, ३, ४, मग शेजारच्या रांगेत वर ५. आपल्याच गावाचं पत्रक एकदा असं मोजून काढलं की पुन्हा चुकत नाही. दहिवडी काढून बघा, उत्तर ४७ के/१० यायला हवं. घरबसल्या भूगोल करायचा तर प्रत्येक आठवड्याला असं काहीतरी आपल्या तालुक्यावर उतरवावंच लागतं. कॉलेजात हे काम प्रात्यक्षिकाचे सर करून घेतात. इथे मागे लागायला कुणी नसतं.

'ऑनलाइन भूगोल' म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतात, म्हणून आधी तेवढा उलगडा. पहिली म्हणजे स्वयं. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. त्यावर एनपीटीईएलचे म्हणजे आयआयटींचे कोर्स येतात, आणि सीईसी या यूजीसीच्या संस्थेमार्फत बीए-बीएस्सी पातळीचे विद्यापीठीय कोर्सही येतात. दुसरी म्हणजे डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे, म्हणजे इस्रोच्या आयआयआरएसचे, दूरशिक्षणाचे छोटे कोर्स. हे २००७ पासून चालू आहेत, फी नाही, आणि प्रमाणपत्रासाठी ७० टक्के हजेरी लागते. तिसरी म्हणजे मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने पूर्ण पदवी. तिथे आधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या सरकारी खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून डेब आयडी (दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठीचा यूजीसीचा क्रमांक) काढावा लागतो, आणि त्या विद्यापीठाला त्या विषयासाठी त्या वर्षी मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावं लागतं. जाहिरातीतल्या 'यूजीसी मान्य' या दोन शब्दांवर पैसे भरू नयेत. पहिल्या दोन प्रकारांतून पदवी मिळत नाही, पदवीत धरता येतील असे क्रेडिट किंवा नुसतं प्रमाणपत्र मिळतं.

क्रेडिटचा हिशेब सोपा आहे. एनपीटीईएलमध्ये चार आठवड्यांना एक, आठला दोन, बाराला तीन. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयंवरून करता येतात. पण 'करता येतात' याचा अर्थ 'आपोआप धरले जातात' असा नाही. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हा शिवाजी विद्यापीठाचा टापू. शिवाय साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्वतंत्र आहे, काही महाविद्यालयं स्वायत्त आहेत. प्रत्येकाची कार्यपद्धती निराळी. तेव्हा नाव नोंदवण्याआधी कोर्सचं पूर्ण नाव, कोड, आठवडे, क्रेडिट आणि घेणारी संस्था लिहून विभागप्रमुखांकडे अर्ज द्यायचा, आणि तो कोणत्या पेपरच्या बदल्यात धरला जाईल हे सहीनिशी लिहून घ्यायचं. तोंडी 'हो, होऊन जाईल' यावर थांबलेल्यांची प्रमाणपत्रं फायलीत पडून राहिलेली पाहिली आहेत. परीक्षा विभागाचा नेहमीचा प्रश्न असतो: 'पूर्वपरवानगी कुठे आहे?' आणि तेव्हा सत्र संपलेलं असतं.

नावनोंदणीत आपल्याकडची एक खास अडचण येते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकांचं नंतर, आणि वडिलांचं नाव कुठे आहे तर कुठे नाही. एनपीटीईएलच्या परीक्षा अर्जात जसं लिहाल तसंच प्रमाणपत्रावर छापून येतं, नंतर बदल होत नाही. एबीसी खात्यावरचं नाव समोर ठेवून अक्षरन् अक्षर तेच भरावं.

कोर्सला नाव घालणं फुकट असतं, परीक्षा मात्र वेगळी नोंदवावी लागते, आणि गळती इथेच होते. कोर्स चालू झाल्यावर काही आठवड्यांनी परीक्षेचा अर्ज उघडतो. एनपीटीईएलची फी एका कोर्सला १००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना निम्मी. हा अर्ज राहिला तर बारा आठवड्यांचे सगळे गृहपाठ सोडवूनही हातात काही येत नाही. ईमेल उघडायची सवय नसलेल्या मुलांनी कोर्सची सूचना-पाटी दर सोमवारी बघायची असं ठरवून टाकावं.

गुणांची विभागणी एनपीटीईएलमध्ये २५ आणि ७५ अशी. गृहपाठाचे २५, आणि बारापैकी सर्वोत्तम आठ धरतात. आठ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम सहा. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० अशी दोन्हीकडे वेगळी अट आहे. सीईसीच्या कोर्सला ३० आणि ७०, आणि दोन्हींत ४० टक्के. बारापैकी आठच धरतात म्हटल्यावर मुलं पहिले तीन-चार गृहपाठ सोडून देतात. ते गणित उलटं आहे. सोपे गुण सुरुवातीलाच असतात. नवव्या आठवड्यापासून गणितं येतात, आणि आपल्याकडे ऑक्टोबरात ती वेळ कॉलेजच्या सत्र परीक्षेशी टक्कर घेते. सूट शेवटासाठी राखावी. गृहपाठाची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. त्या रात्री साडेअकराला गावात लाइट गेली हे कारण चालत नाही, म्हणून आपली मुदत मंगळवार.

कोर्स कोणत्या क्रमाने घ्यावेत, यावर माझं मत ठाम आहे: जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती हाताळण्याची प्रणाली, पहिल्यांदा घेऊ नये. नोकरीच्या जाहिरातींत तो शब्द दिसतो म्हणून सगळे तिकडे धावतात, आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) म्हणजे काय हे न कळता बटणं दाबत बसतात. आधी नकाशाशास्त्र, मग भूरूपशास्त्र आणि हवामान, त्यानंतर सुदूर संवेदन (उपग्रहचित्रांवरून अभ्यास) आणि शेवटी जीआयएस. उंचीच्या प्रतिमानांवर, म्हणजे डीईएमवर, आयआयटी रुरकीचा वेगळा कोर्स येत आलेला आहे. तो जीआयएसच्या नंतरच घ्यावा. एका सत्रात दोनाहून जास्त कोर्स नकोत. बारा आठवड्यांच्या कोर्सला आठवड्याला अडीच-तीन तासांची व्याख्यानं असतात, तेवढाच वेळ वाचनाला आणि तेवढाच हाताने करायच्या कामाला. दोन कोर्स म्हणजे आठवड्याचे सोळा-सतरा तास झालेच. मोबाइलवर व्याख्यानं होतात, प्रात्यक्षिक होत नाही. क्यूजीआयएस हे जीआयएसचं फुकट सॉफ्टवेअर चालवायला ८ जीबी रॅमचा लॅपटॉप लागतो, निदान मित्राचा तरी.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले तीन आठवडे इंग्रजी व्याख्यान अंगावर येतं. वहीचं पान उभं दुमडून डावीकडे ऐकलेला शब्द देवनागरीत आणि उजवीकडे आपला शब्द लिहीत गेलं की हे ओझं लवकर उतरतं. स्पर म्हणजे डोंगराची सोंड. सॅडल म्हणजे खिंड. लॅटेराइट म्हणजे जांभा, आणि जांभ्याचं उघडं सपाट पठार म्हणजे सडा. इंटरफ्लुव्ह ऐकून बावचळायला होतं, पण दोन ओढ्यांमधला दांड म्हटलं की शेतकऱ्याच्या पोराला लगेच दिसतो. पारिभाषिक शब्द अडला तर शासनाच्या भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश आहे. एका शब्दाने मात्र सांभाळून राहावं: वॉटरशेड. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकात त्याचा अर्थ जलविभाजक, म्हणजे डोंगराची ती धार. अमेरिकन वळणाच्या पुस्तकात त्याचा अर्थ पाणलोट क्षेत्र, म्हणजे धारेच्या आतला सगळा मुलूख. आयआयटीच्या व्याख्यानात बहुधा दुसरा, जुन्या भारतीय पाठ्यपुस्तकात पहिला. प्रश्नात रेषा विचारली आहे की क्षेत्र, ते पाहून उत्तर द्यायचं.

आता नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन संकेतस्थळावर खातं काढलं की १:५०,००० ची खुल्या मालिकेतली पत्रकं पीडीएफमध्ये उतरवता येतात. नव्या मालिकेत क्रमांकाची पद्धत बदलली आहे, त्यामुळे जुना ४७ जी/१४ टाकून शोधण्यापेक्षा जिल्हा आणि जागा नकाशावर दाखवून शोधलेलं बरं. पत्रक उतरलं की लोक झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. साताऱ्याच्या अक्षांशावर पंधरा मिनिटं म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २७.७ किमी आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६.५ किमी. दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर या मापाने नुसता नकाशाच ५५ बाय ५३ सेंटीमीटरचा होतो, समास वेगळे. दुकानदार तो ए-३ वर 'फिट टू पेज' करून देतो. मग कोपऱ्यात १:५०,००० असं छापलेलं खोटं ठरतं, खरी राहते ती फक्त रेषाप्रमाणाची पट्टी, कारण ती नकाशाबरोबर आकसते. अशा प्रतीवर दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर धरून अंतर मोजणाऱ्याची सगळी उत्तरं त्याच प्रमाणात चुकतात, आणि चूक कुठे आहे ते कळत नाही. एकतर प्लॉटरवर १०० टक्क्यांनी काढा, नाहीतर हवा तेवढाच तुकडा १०० टक्क्यांनी ए-४ वर घ्या. दुकानातून निघण्याआधी मोजपट्टी लावून किलोमीटरची चौकट दोन सेंटीमीटर भरते का ते तपासा.

आडवा छेद काढताना यवतेश्वर ते अजिंक्यतारा ही रेघ उत्तम. समोच्च रेषा वीस मीटरच्या आहेत. कागदाची कड रेघेवर ठेवून प्रत्येक रेषेला टिंब मारायचं, उंची लिहायची आणि आलेखावर उतरवायचं. आडवं माप एक सेंटीमीटरला ५०० मीटर आहेच. उभं माप एक सेंटीमीटरला १०० मीटर घेतलं तर उभी अतिशयोक्ती पाचपट होते, ती ठीक. समोच्च रेषा वीस मीटरची म्हणून एक सेंटीमीटरला वीस मीटर घेणारे पुष्कळ असतात. त्यांची अतिशयोक्ती पंचवीसपट होते आणि अजिंक्यतारा सुईसारखा उभा राहतो. दुसरी चूक डोंगरमाथ्याची. कास पठारावर दोन समोच्च रेषांमध्ये भरपूर मोकळी जागा असते, तिथे आलेखावर गोल टेकडी काढली जाते. सडा गोल नसतो, सपाट असतो, आणि कडेला धपकन कोसळतो. बेसॉल्टचे थर एकावर एक, वरून जांभ्याची टोपी. हे भूरूपशास्त्राच्या कोर्समध्ये ऐकलेलं असतं. छेदात ते दिसलं पाहिजे.

यानंतरचं काम सर्वांत रसाळ आहे, आणि सर्वांत जास्त मुलं इथेच अडकतात. नदीचं पाणलोट क्षेत्र डीईएमवरून काढणं. उदाहरणाला वेण्णा घेऊ. महाबळेश्वरात उगम, मेढ्यावरून खाली, कण्हेर धरण, आणि संगम माहुलीला कृष्णेत. आकार आटोपशीर आहे आणि खोऱ्यात बसने फिरता येतं.

एसआरटीएमचा डीईएम फुकट मिळतो. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानावरच्या रडारने केलेलं मोजमाप आहे ते, एक अंश बाय एक अंशाच्या तुकड्यांत. एका तुकड्यात ३६०१ बाय ३६०१ चौकटी, म्हणजे साधारण २५ एमबी. वेण्णेसाठी एन१७ ई०७३ (१७ अंश उत्तर, ७३ अंश पूर्वपासून सुरू होणारा तुकडा) पुरेल असं वाटतं. पुरत नाही. माहुलीचा संगम ७४ अंशांच्या पलीकडे आहे, म्हणून एन१७ ई०७४ सुद्धा लागतो. पुन्हा तेच रेखावृत्त आडवं येतं.

दोन्ही तुकडे जोडले की किमान उंची उणे ३२७६८ दिसली तर घाबरू नका. तो रिकाम्या चौकटींचा आकडा आहे, 'नो डेटा' म्हणून नोंदवून टाका. मग प्रक्षेपण बदलायचं. मूळ डीईएम अंशांत असतो. आपला सगळा भाग यूटीएम या मीटरमधल्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो, त्याचा सॉफ्टवेअरमधला संकेतांक ईपीएसजी ३२६४३. साताऱ्याच्या अक्षांशावर एका सेकंदाची चौकट उभी सुमारे ३०.७ मीटर आणि आडवी २९.५ मीटर असते, ती तीस मीटरवर बसवायची. पुनर्नमुना (रीसॅम्पलिंग) पद्धत, म्हणजे नव्या चौकटीची उंची जुन्या चौकटींवरून ठरवण्याची रीत, बायलिनियर निवडा. जी आपोआप निवडलेली असते ती 'नीअरेस्ट नेबर', आणि तिने उताराच्या छाया-नकाशात (हिलशेड) उभ्याआडव्या पट्ट्या उमटतात. हे प्रक्षेपण न बदलता छाया काढली तर चित्र नुसतं काळंपांढरं होतं, कारण उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशात. क्षेत्रफळाचंही तेच. क्यूजीआयएसमध्ये 'डॉलर एरिया' लिहिलं तर ते पृथ्वीची वक्रता धरून मोजतं, 'एरिया' लिहून कंसात भूमिती दिली तर थराच्या एककात मोजतं, आणि थर अंशात असेल तर पाणलोटाचं क्षेत्रफळ शून्य पूर्णांक शून्य काहीतरी येतं.

फोल्डरला 'भूगोल प्रात्यक्षिक' असं देवनागरी नाव देऊ नका. एरवी मराठीचा आग्रह धरावा, पण क्यूजीआयएसला जोडलेल्या ग्रास आणि सागा या सॉफ्टवेअरची साधनं अशा नावावर कारण न सांगता बंद पडतात. रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता, छोटं नाव द्या.

आता खोऱ्याबाहेर चौफेर दोन-तीन किलोमीटर सोडून तुकडा कापा आणि ग्रासमधलं 'आर डॉट वॉटरशेड' चालवा. इतर साधनांना आधी खळगे भरून घ्यावे लागतात, याला लागत नाहीत. उत्तरात प्रवाहसंचय नावाचा थर येतो: प्रत्येक चौकटीत वरून किती चौकटींचं पाणी येतं त्याचा आकडा. त्यात काही आकडे ऋण दिसतील. ती बिघाडाची खूण नाही. त्या चौकटींत तुमच्या तुकड्याबाहेरून पाणी येत असावं, असं साधन सांगतंय. कडेला कृष्णेच्या पात्रात ऋण आकडे असले तर चालतील. खुद्द वेण्णेच्या पात्रात दिसले तर तुम्ही खोरं कापताना जलविभाजक आत कापला आहे, परत मागे जा.

ओढे किती दाखवायचे हे उंबरठ्यावर ठरतं. एक चौकट ९०० चौरस मीटरची, म्हणजे ५० चौकटींचा उंबरठा हा साडेचार हेक्टर. एवढ्याशा जागेला ओढा म्हटलं तर प्रत्येक उतारावर केस उगवल्यासारखे प्रवाह उमटतात. ५०० चौकटी म्हणजे ०.४५ चौरस किमी. इथून सुरू करा आणि टोपोशीटवरच्या निळ्या रेघांशी ताडून वरखाली करा. ठरलेला एक आकडा नाही, आणि गृहपाठात 'योग्य उंबरठा कोणता' विचारलं तर उत्तर बहुधा 'नकाशाशी ताडून ठरवावा' असंच असतं. स्ट्रेलरची प्रतवारी, म्हणजे ओढ्यांना द्यायचे लहानमोठे दर्जे, लावताना एक आणि एक मिळून दोन, पण एक आणि दोन मिळून दोनच. तीन लिहिणारे दर सत्रात असतात. लागोपाठच्या दोन दर्जांतल्या ओढ्यांच्या संख्यांचं गुणोत्तर साधारण तीन ते पाचच्या दरम्यान यावं. फार वेगळं आलं तर आधी मोजणी तपासावी, भूगर्भाला नंतर हात घालावा.

कण्हेरच्या जलाशयात मजा दिसते. पाण्याचा पृष्ठभाग सपाट, उतार नाही, त्यामुळे साधनाला वाट सापडत नाही आणि ते सरळसोट रेघा मारतं. एवढे सरळ ओढे सह्याद्रीत नसतात. ते पुसायचे, आणि पुसले असं अहवालात लिहायचं.

शेवटी मुखबिंदू, म्हणजे खोऱ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा. 'आर डॉट वॉटर डॉट आउटलेट' या साधनाला एक बिंदू द्यावा लागतो. तो नेमका संगमावर ठेवला की वाई, धोमसकट कृष्णेचं वरचं सगळं खोरं वेण्णेच्या नावावर जमा होतं. संगमापासून वेण्णेच्या पात्रात दोन-तीन चौकटी वर सरकवायचा. आणि ओढ्याच्या चौकटीवरच ठेवायचा. बाजूच्या चौकटीवर पडला तर पाणलोट म्हणून चार-पाच चौकटींचं एक ठिगळ मिळतं, आणि मुलं सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

हवामानाच्या कोर्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्याख्यानं चांगली असतात आणि आपला जिल्हाच पाठ्यपुस्तक आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि हवाई अंतराने शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्हींचे स्तंभालेख काढताना उभा अक्ष एकच ठेवा. वेगवेगळे अक्ष घेतले की म्हसवडचा सप्टेंबर महाबळेश्वरच्या जुलैएवढा उंच दिसतो.

सुदूर संवेदनात सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं वापरतात. १० मीटरची चौकट म्हणजे १०० चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा! ही जुळणी कोणी व्याख्यानात सांगत नाही, पण ती लक्षात ठेवली की सगळं प्रमाण डोक्यात बसतं. वीस गुंठ्यांच्या वाफ्याला वीस पिक्सेल, त्यांतले कडेचे निम्मे बांध आणि शेजाऱ्याचं पीक यांनी भेसळलेले. लँडसॅट उपग्रहाचा एक पिक्सेल म्हणजे नऊ गुंठे, म्हणून तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत तो बिनकामाचा ठरतो. चित्र उतरवताना पूर्ण संच घेऊ नका, मोबाइलचा डेटा संपेल. हिरवाई निर्देशांकाला फक्त पट्टा ४ (लाल) आणि पट्टा ८ (अवरक्त) लागतात: आठातून चार वजा, भागिले दोन्हींची बेरीज. जून ते सप्टेंबर ढगांमुळे विसरा.

पिकांचं वर्गीकरण एकाच तारखेच्या चित्रावर करू नये. वाळवा, कराड भागात सुरू ऊस बारा महिन्यांचा, आडसाली सोळा-अठरा महिन्यांचा. एकाच दिवशी शेजारीशेजारी एक गुडघाभर, एक डोक्यावर आणि एक तुटून गेलेला. तासगावची द्राक्षं आणखी फसवतात. एप्रिलात खरड छाटणी झाली की बाग वरून उघडीबोडकी दिसते आणि यंत्र तिला पड जमीन ठरवतं. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल अशा निदान तीन तारखा एकत्र घेतल्या की ऊस आणि द्राक्ष वेगळे होतात. नमुन्याचे बिंदू घ्यायला शेतावर जावंच लागतं. क्यूफील्ड हे अ‍ॅप अँड्रॉइडवर फुकट आहे. बिंदू बांधावर उभं राहून घेऊ नका, वीस-तीस मीटर आत जा. मोठ्या उसात आत गेलं की मोबाइलचा जीपीएस भरकटतो, तेव्हा बांधावर बिंदू घ्यायचा आणि घरी येऊन चित्रावर तो आत सरकवायचा. शेतमालकाला आधी सांगा, नाहीतर मोजणीवाले आले म्हणून भावकी गोळा होते.

सांगलीच्या मुलांना रडारचा भाग जिव्हाळ्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत ढगांमुळे साधी चित्रं मिळत नाहीत, सेंटिनेल-१ चं रडार मात्र ढगांतून पाहतं. शांत पाणी रडारमध्ये काळं दिसतं. पूर येण्याआधीचं आणि पुरातलं, अशी एकाच कक्षेतली दोन चित्रं घेऊन वजाबाकी करतात. पण पाण्यात उभा असलेला ऊस काळा दिसत नाही. त्यामुळे नदीकाठचं बुडालेलं क्षेत्र नकाशावर खऱ्यापेक्षा कमी भरतं, आणि पंचनाम्याचे आकडे जास्त आले म्हणून लगेच कोणाला खोटं ठरवू नये.

परीक्षा संगणकावर, तीन तास, केंद्रावर जाऊन. अर्ज भरताना शहरांचे पर्याय लवकर भरले तर जवळचं केंद्र मिळण्याची शक्यता जास्त. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. गणकयंत्र पडद्यावरच असतं, माउसने. त्याची सवय नसेल तर प्रमाणाची आणि निर्देशांकाची साधी गणितंही वेळ खातात, म्हणून शेवटचे दोन आठवडे गृहपाठाची गणितं संगणकावरच्या गणकयंत्रावर करा. प्रश्न बरेचसे साप्ताहिक गृहपाठांच्या धाटणीचे असतात, आकडे बदललेले. जुने गृहपाठ उत्तरांसकट छापून ठेवा. कोर्स संपल्यावर पान कधी बंद होईल याचा भरवसा नसतो.

निकाल लागला की प्रमाणपत्र उतरवून घ्या, एबीसी खात्यात क्रेडिट उमटले का बघा, आणि सुरुवातीला घेतलेल्या सहीच्या परवानगीची झेरॉक्स जोडून महाविद्यालयात द्या. आवक क्रमांक टाकलेली पोच मागा. पुढच्या गुणपत्रिकेत त्या पेपरसमोर रिकामी जागा दिसली तर परीक्षा विभागाच्या खिडकीवर हाच क्रमांक विचारतात.